मंत्रालय आणि विधान भवन: बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरहून जायचं तर किती खर्च, किती वेळ

मंत्रालय असो की विधान भवन, आत जायला एक रुपयाही लागत नाही. पास फुकट, नोंदणी फुकट, अर्जाची पोच फुकट. फाटकाबाहेर कुणी ‘दोनशे द्या, रांगेत न थांबता पास काढून देतो’ म्हणालं, तर तिथे थांबूच नका. तुमचा खरा खर्च होतो तो प्रवासात आणि वाया गेलेल्या दिवसात. बदलापूरहून दीड तास लोंबकळत जायचं, कामावरची रजा टाकायची, आणि तिथे कळायचं की मंत्री नागपुरात आहेत किंवा आपला विभाग या इमारतीत नाहीच. म्हणून आधी तारीख ठरवा, मग कागद जमवा, गाडीचं सगळ्यात शेवटी बघा.

तारीख कशी निवडाल

राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवारी, रविवारी मंत्रालय बंद. कार्यालयीन वेळ सकाळी ९.४५ ते संध्याकाळी ६.१५, पण सर्वसामान्यांना प्रवेश दुपारी २ नंतर मिळतो. ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांगांना १२ पासून सोडतात. याचा सरळ अर्थ असा, की सकाळी ७.३० च्या गर्दीत जीव धोक्यात घालण्याचं काही कारण नाही. दहा-साडेदहानंतरची गाडी पुरते.

मंगळवार शक्यतो टाळा. मंत्रिमंडळाची बैठक बहुधा मंगळवारी असते. मंत्री, सचिव, त्यांच्यामागे राज्यभरातून आलेली माणसं, सगळे एकाच वेळी तिथे असतात. शुक्रवारी दुपारनंतर अधिकारी जागेवर सापडणं अवघड. बुधवार-गुरुवार बरे.

अधिवेशनाचा हिशेब तर नीट समजून घ्या. अर्थसंकल्पी अधिवेशन फेब्रुवारीअखेर ते मार्च आणि पावसाळी अधिवेशन जून-जुलैत, ही दोन्ही मुंबईत होतात. हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला. मुंबईत अधिवेशन चालू असेल तेव्हा मंत्री विधान भवनात असतात, मंत्रालयातल्या दालनात नाही. विभागाचे अधिकारीही प्रश्नोत्तरांच्या तयारीत अडकलेले. डिसेंबरात तर निम्मा कारभार नागपूरला हललेला असतो. मंत्र्याला भेटून निवेदन द्यायचं असेल तर हे आठवडे सोडून जा. उलट सभागृहाचं कामकाज गॅलरीत बसून पाहायचं असेल, तर मार्च आणि जुलै एवढेच महिने तुमच्या हातात आहेत.

मंत्रालयाचा पास

ऑगस्ट २०२५ पासून मंत्रालयात प्रवेश ‘डिजीप्रवेश’ या ॲपवरच्या नोंदणीने होतो. ॲप फुकट आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर मिळतं. नोंदणीला आधार क्रमांक लागतो आणि चेहऱ्याचा फोटो घेतला जातो. आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना, हे घरीच तपासा. बंद पडलेल्या क्रमांकावर ओटीपी जातो आणि माणूस फाटकावर अडकतो. आधारवरचा फोटो वीस वर्षांपूर्वीचा असेल तर चेहरा जुळायला त्रास होऊ शकतो, अशा वेळी मूळ आधार कार्ड जवळ हवंच. कोणत्या विभागात जायचं ते नोंदणी करतानाच निवडावं लागतं, आणि ज्या विभागाची नोंद तिथेच जाता येतं. ‘आत गेल्यावर बघू’ हा विचार सोडा.

स्मार्टफोन नसेल तर गार्डन गेटजवळच्या खिडकीवर नोंदणी करून घेता येते. आईवडिलांना एकटं पाठवणार असाल तर घरूनच त्यांची नोंदणी करून द्या, त्यांचा रांगेतला वेळ वाचेल. प्रवेशाचं कार्ड मिळालं तर ते सांभाळा आणि बाहेर पडताना परत करा.

सोबत घ्या: मूळ आधार, दुसरं एक फोटो ओळखपत्र, अर्जाच्या किमान तीन प्रती, आधी दिलेल्या अर्जांच्या पोचपावत्यांच्या झेरॉक्स, पेन. झेरॉक्स घरून काढून न्या. त्या भागात दुकानं शोधावी लागतात आणि दर आपल्याकडच्यापेक्षा चढा असतो. मूळ सातबारा, मूळ दाखला कुणाच्याही हातात देऊ नका, फक्त दाखवा. लायटर, काडेपेटी, चाकू, कोणत्याही द्रवाच्या बाटल्या फाटकावर काढून ठेवाव्या लागतात. बॅग लहान, रोकड कमी. रोज इन्सुलिन किंवा दुसरं औषध घेत असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा.

आत गेल्यावर एकच काम पक्कं करा: अर्ज आवक शाखेत द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. साहेबांच्या टेबलावर ठेवलेला अर्ज, ‘पीएकडे दिलाय’ असा अर्ज, हे पुढच्या वेळी कुणाला आठवत नाहीत. आवक क्रमांक असेल तर पुढची चौकशी फोनवर होते आणि बदलापूरहून दुसरी खेप वाचते.

आधी इमारत विचारा

सगळे विभाग मंत्रालयाच्या मुख्य इमारतीत नाहीत. काही कार्यालयं समोरच्या नवीन प्रशासकीय भवनात आहेत. सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण विभागांची कार्यालयं गोकुळदास तेजपाल रुग्णालयाच्या संकुलात, म्हणजे सीएसएमटीपासून पायी जाता येईल अशा अंतरावर. रुग्णालयाच्या तक्रारीसाठी निघालेला माणूस नरिमन पॉइंटपर्यंत जाऊन परत सीएसएमटीकडे येतो आणि तोवर चार वाजतात. विभागाच्या पत्रावर किंवा शासन निर्णयाच्या माथ्यावर पत्ता छापलेला असतो, तो पाहूनच निघा.

विधान भवन

मंत्रालयासमोर, बॅकबे रेक्लमेशनच्या जागेवर उभी असलेली ही इमारत १९ एप्रिल १९८१ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते सुरू झाली. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य इथे बसतात. सहज फिरत गेलात तर बाहेरूनच पाहावी लागेल. तिकीट काढून आत जाण्याची सोय नाही.

गॅलरीचा पास आमदारांच्या शिफारशीने मिळतो. डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत प्रेक्षक गॅलरीतून उड्या मारण्याचा प्रकार घडला, तेव्हापासून पासांच्या संख्येला कात्री लागली. जुलै २०२५ मध्ये विधान भवनाच्या लॉबीत कार्यकर्त्यांची हाणामारी झाली आणि अधिवेशनकाळात अभ्यागतांच्या प्रवेशावर आणखी कडक बंधनं आली. म्हणून आमदारांच्या कार्यालयात आधी एवढंच विचारा: ‘या अधिवेशनात प्रेक्षक पास सुरू आहेत का?’ होकार आला, तरच पुढची तयारी करा. लग्नाची पत्रिका द्यायला किंवा फोटो काढायला म्हणून आत शिरता येईल, या भरवशावर चार माणसं घेऊन जाऊ नका.

कोणत्या आमदारांकडे मागायचं, यात आपल्या भागातले बरेच जण चुकतात. कुळगाव-बदलापूर मुरबाड विधानसभा मतदारसंघात येतं, अंबरनाथमध्ये नाही. मुंबईहून नव्याने राहायला आलेली कुटुंबं हमखास अंबरनाथच्या कार्यालयात जातात. उल्हासनगरचंही सगळं शहर एका मतदारसंघात नाही. काही भाग अंबरनाथ मतदारसंघात, काही कल्याण पूर्वेत मोडतो. कॅम्पच्या आकड्यावरून अंदाज बांधू नका, मतदार यादीत नाव काढून मतदारसंघ पाहा. नाव अजून जुन्या घराच्या पत्त्यावर असेल, तर जुन्या मतदारसंघाच्या आमदारांकडे विचारणं सोपं पडतं.

अर्जासोबत प्रत्येकाचं पूर्ण नाव, वय, पत्ता, आधारची झेरॉक्स आणि कोणत्या दिवशी जायचं ते द्या. किमान आठ-दहा दिवस आधी. लहान मुलं असतील तर त्यांचं वय तेव्हाच सांगा, गॅलरीत त्यांना सोडतीलच असं नाही. मोबाइल आणि बॅग आत नेता येत नाही. रस्त्यावरच्या कुणाकडेही फोन ठेवायला देऊ नका. आपल्यातल्या एकाने बाहेर थांबायचं आणि पाळीपाळीने जायचं.

शाळा-महाविद्यालयांनी संस्थेच्या पत्रावर, विद्यार्थ्यांच्या यादीसह, विधानमंडळ सचिवालयाकडे लेखी अर्ज करावा. अधिवेशन नसतानाचे दिवस मागितले तर शक्यता जास्त. विद्यार्थ्यांकडून ‘प्रवेश शुल्क’ म्हणून पैसे गोळा होत असतील तर पालकांनी पावती मागावी. बसचं भाडं आणि जेवण याखेरीज त्यात खर्च नाही.

पास नाहीच मिळाला, तर दोन्ही सभागृहांचं कामकाज थेट प्रक्षेपणात घरबसल्या दिसतं. नागरिकशास्त्राच्या मुलांना प्रश्नोत्तराचा तास एवढा दाखवला तरी पुष्कळ.

कसं पोचाल

बदलापूरहून सीएसएमटीला जलद गाडीने दीड तासाच्या आसपास, धिमीने पावणेदोन. अंबरनाथ आणि उल्हासनगरहून दहा-पंधरा मिनिटं कमी. उल्हासनगर कॅम्प १ आणि २ मधल्यांना शहाड जवळ पडतं, पण ते कसारा मार्गावर आहे; परतीला टिटवाळा, आसनगाव किंवा कसारा गाडी लागेल, हे लक्षात असू द्या. दुसऱ्या वर्गाचं एकेरी तिकीट साधारण २० रुपये. पहिला वर्ग किंवा एसी लोकल घेतलीत तर तोच आकडा शंभराच्या घरात किंवा त्याच्या पुढे जातो. सीएसएमटीपर्यंतचा पास असेल तर रेल्वेचा खर्च शून्य.

छुपा भुर्दंड इथे बसतो. विनातिकीट सापडलात तर भाडं अधिक किमान २५० रुपये दंड. दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर पहिल्या वर्गात चढलात, तरी फरक आणि दंड दोन्ही. मोबाइलवरचं तिकीट फलाटावर उभं राहून निघत नाही, स्थानकात शिरण्याआधी काढा. आणि सीएसएमटीचं तिकीट दादरला उतरून चर्चगेटच्या गाडीत चालत नाही. चर्चगेटमार्गे जायचं ठरवलं असेल तर तिकीटच ‘दादरमार्गे चर्चगेट’ काढा.

सीएसएमटीहून पुढे मेट्रो ३ घ्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही भुयारी मार्गिका कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि तिचं एक स्थानकच ‘विधान भवन’ आहे. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन, एवढाच प्रवास. भाडं १० ते २० रुपयांत. तिकीट खाली उतरण्याआधी काढून ठेवा, भुयारात मोबाइलच्या नेटवर्कवर विसंबू नका. बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं १० रुपये, एसीचं १२. काळी-पिवळी टॅक्सी ३१ रुपयांपासून, मंत्रालयापर्यंत मीटरने ५० ते ६० रुपये. कुणी ‘दीडशे फिक्स’ म्हणालं तर दुसरी टॅक्सी बघा. या भागात रिक्षा नाहीत, शोधत बसू नका.

गाडी घेऊन जाणं टाळा. मुंबईच्या वेशीवरचा हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून माफ झाला, तरी इंधन, पार्किंग आणि भायखळ्याच्या अलीकडे-पलीकडे जाणारा वेळ धरला तर चार माणसांतही रेल्वे स्वस्त पडते. मंत्रालयाभोवती रस्त्यावर लावलेली गाडी टोइंगवाले उचलतात, आणि तेव्हा दंड आणि टोइंगचे पैसे दोन्ही भरावे लागतात.

दोन वाजेपर्यंत काय पाहाल

प्रवेश दोनचा असल्याने सकाळ मोकळी मिळते, आणि हा सगळा ऐतिहासिक परिसर फुकट पाहता येतो. अकरापर्यंत सीएसएमटीला उतरा आणि मेट्रोऐवजी चालत निघा. दादाभाई नौरोजी मार्गाने बारा-पंधरा मिनिटांत हुतात्मा चौक. फ्लोरा फाउंटनचं कारंजं १८६४ चं. शेजारी संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेललेल्यांचं स्मारक. ज्या राज्याचं मंत्रालय तुम्ही पाहायला निघालात ते १ मे १९६० ला उभं राहिलं या माणसांमुळे, तेव्हा इथे पाच मिनिटं थांबाच. मुलांना स्मारकावरचा मजकूर वाचायला लावा.

तिथून उच्च न्यायालयाच्या बाजूने ओव्हल मैदानावर या. एका अंगाला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या अंगाला आर्ट डेको इमारतींची रांग. हा सगळा परिसर २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. मैदान ओलांडणारी पायवाट आहे, तिथून दोन्ही बाजू एकदम दिसतात. विद्यापीठाच्या आवारात आणि टॉवरजवळ परवानगीशिवाय सोडत नाहीत, त्यासाठी पहारेकऱ्याशी वाद घालू नका. मैदानाच्या पश्चिमेकडून दक्षिणेला चालत गेलात की मादाम कामा मार्ग आणि समोर मंत्रालय. सगळं मिळून अडीच-तीन किलोमीटर. उन्हाळ्यात टोपी आणि पाणी हवं. पावसाळ्यात मात्र सरळ मेट्रो घ्या.

काम चारपर्यंत आटोपलं, तर मादाम कामा मार्गानेच रीगलच्या चौकात जा. तिथली महाराष्ट्र पोलिसांच्या मुख्यालयाची इमारत म्हणजे जुना कौन्सिल हॉल. मुळात १८७६ मध्ये खलाशांचं वसतिगृह म्हणून बांधलेली, १९२८ पासून विधिमंडळाची, नवीन विधान भवन होईपर्यंत. बाहेरून पाहा, पोलीस मुख्यालय असल्याने फोटो काढताना विचारून काढा. पुढे गेटवेला प्रवेश फुकट, पण तपासणीची रांग असते. तिथले फोटोवाले ‘एक फोटो’ म्हणून सुरुवात करतात आणि दहा छापून हातात देतात. किती फोटो आणि एका फोटोचे किती, हे आधी ठरवा. चौकातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला तिकीट आहे, आणि तासाभरात ते होत नाही. त्यासाठी वेगळा दिवस काढा.

नोकरीमुळे शनिवार-रविवारच मोकळे असतील तर मंत्रालय विसरा आणि सीएसएमटीसमोरच्या महापालिका मुख्यालयाची किंवा उच्च न्यायालयाची वारसा फेरी पाहा. दोन्ही सशुल्क, दोन्हींना आगाऊ ऑनलाइन नोंदणी आणि ओळखपत्र लागतं. निघण्याआधी रविवारचा मेगाब्लॉक पाहा. मलबार हिलवरचं लोकभवन (पूर्वीचं राजभवन) पाहायचं असेल तर तिथेही आगाऊ नोंदणीशिवाय कुणाला सोडत नाहीत. भेटीची वेळ पहाटेची असते, म्हणजे आपल्याकडून पहिल्या गाड्यांपैकी एक धरावी लागते.

एकूण किती

एका माणसाचा कामाच्या दिवसाचा हिशेब: घर ते स्थानक शेअर रिक्षा जाऊन-येऊन ४० ते ६०, लोकल ४०, मेट्रो ४० च्या आत, चहा-नाश्ता आणि जेवण १५०, झेरॉक्स आणि किरकोळ ३०. म्हणजे तीनशे-सव्वातीनशे. चौघांचं कुटुंब डबा घेऊन गेलं तर हजारात परत येतं. हॉटेलात बसून जेवलं तर दीड-दोन हजार. नरिमन पॉइंटच्या उपाहारगृहांत दर चढे असतात. सीएसएमटी आणि फोर्टच्या गल्ल्यांत पोळीभाजी, वडापाव, थाळी परवडते. खाण्यापूर्वी दरफलक वाचा.

मुळात जायला हवं का

बऱ्याच जणांचं काम मंत्रालयापर्यंत न्यायचं नसतंच. उत्पन्न, रहिवास, जातीचा दाखला तहसील कार्यालयाच्या अखत्यारीत येतो: बदलापूरकरांसाठी अंबरनाथ, उल्हासनगरसाठी उल्हासनगर. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने या सेवांना मुदत घालून दिली आहे, मुदत टळली तर त्याच कार्यालयाच्या वरिष्ठाकडे अपील करता येतं. तक्रार ‘आपले सरकार’ पोर्टलवर फुकट टाकता येते. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत, ऑनलाइनही होतो, माहितीच्या प्रती २ रुपये पान. पहिलं अपील २० रुपये. अर्जात एकच विषय घ्या आणि दीडशे शब्दांत लिहा, नाहीतर त्याच कारणाने परत येतो. मुख्यमंत्री सहायता निधीतून उपचारासाठी मदत हवी असेल तर आधी ठाण्याला जिल्हाधिकारी कार्यालयातल्या कक्षात जा. पेशंट रुग्णालयात असताना घरच्या माणसाने मंत्रालयाच्या फेऱ्या मारू नयेत. या अर्जाला फी नाही. रक्कम मंजूर करून देतो आणि दहा टक्के घेतो म्हणणारा माणूस रुग्णालयाच्या आवारातच भेटतो, त्याच्यापासून लांब राहा.

हाच सावधपणा मंत्रालयाबाहेरही ठेवा. ‘कोट्यातून घर’, ‘वरून नोकरीचं पत्र’, ‘बदलीचं काम’ असं म्हणणारा कितीही छान कपड्यांत असला, आत जाऊन हातात पास घेऊन आला, तरी त्याला पैसे देऊ नका. पास कुणालाही मिळतो. सरकारी माणसाने लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. पैसे देण्याआधी फोन करा, दिल्यानंतर नाही.

परतीला साडेचारच्या आत सीएसएमटी गाठलं तर बसायला जागा मिळण्याची आशा. नाहीतर गेटवेवर थांबा आणि साडेआठनंतर निघा. गाडी सीएसएमटीलाच धरा, दादरला संध्याकाळी मुलाबाळांसह चढणं जमत नाही. बदलापूर, कर्जत, खोपोली या तिन्ही गाड्या तुमच्या कामाच्या. अंबरनाथ लोकल बदलापूरकरांना अर्ध्यात उतरवते. रात्री दहानंतर कल्याणच्या पुढच्या गाड्या विरळ होतात, तेव्हा वेळापत्रक जातानाच पाहून ठेवा.